आतल्या खोलीत वायफाय येत नाहीये? प्लॅन वाढवण्याआधी हे करून बघा

बेडरूममध्ये वायफायला रेंज नाही म्हटलं की बरेच जण पहिलं काम काय करतात, तर कंपनीला फोन करून १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून घेतात. मग चार दिवसांनी परत तेच, व्हिडिओ कॉलवर चेहरा अडकलेला आणि पोरं मोबाईल डेटा संपवतायत. प्लॅन वाढवला की फायबरमधून घरात येणारं नेट वाढतं, पण घरात आल्यावर ते राउटरपासून तुमच्या हातातल्या मोबाईलपर्यंत हवेतून कसं जातं त्याच्याशी प्लॅनचा काही संबंध नाही. माझ्या बघण्यातल्या बहुतेक घरांत प्रॉब्लेम असतो तो राउटर कुठे ठेवलाय याचा, आणि तो सुटतो जागा बदलून किंवा एक साधी लॅन वायर, म्हणजे राउटरला जोडायची नेटची केबल, टाकून. त्यामुळे पैसे खर्च करायचे ते सगळ्यात शेवटी.

आधी हे बघा की दुखणं नेटचं आहे का वायफायचं. लॅपटॉपला लॅन पोर्ट असेल तर राउटरला वायरने जोडा आणि स्पीड टेस्ट करा, नसेल तर मोबाईल घेऊन राउटरपासून पाचसहा फुटांवर उभं राहून राउटरच्या दोन वायफायपैकी वेगवान ५ गिगाहर्ट्झवाल्याच्या नावावर कनेक्ट करून टेस्ट करा. तिथे प्लॅनएवढा स्पीड आला आणि बेडरूममध्ये आला नाही तर प्रॉब्लेम तुमच्या घरातलाच. तिथेही नाही आला तर कंपनीला सांगा आणि घरात बाकी काही हलवू नका. एक अपवाद मात्र आहे, वायर लावूनसुद्धा स्पीड बरोबर ९०-९५ वर अडकत असेल आणि प्लॅन २०० किंवा ३०० चा असेल तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्ट १०० चा असतो नाहीतर वायरीतल्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असते, ते कंपनीच्या डोक्यावर फोडू नका. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबीची फाईल उतरेल असं नाही, आठाने भागायचं, म्हणजे साधारण साडेबारा एमबी. हे माहीत नसल्यामुळे खूप जण उगाचच कंपनीशी भांडत बसतात.

मग घराचं मोजमाप. मोबाईलवर दिसणाऱ्या कांड्यांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपापल्या हिशोबाने दाखवतो. अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझर नावाची फुकट अॅप्स मिळतात त्यातलं एखादं घ्या, मॅक असेल तर ऑप्शनचं बटण दाबून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की आरएसएसआय म्हणून एक आकडा दिसतो, ती सिग्नलची ताकद. हा आकडा डीबीएम या एककात असतो आणि उणे असतो, म्हणजे उणे ४५ हे उणे ७५ पेक्षा चांगलं. उणे ५० च्या आसपास एकदम मस्त, उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ कॉल आणि ऑफिसचं काम आरामात चालतं, उणे ७० च्या पलीकडे कटकट चालू होते आणि उणे ८० ला वायफाय नुसतं दिसतं, चालत काही नाही. इथे प्रत्येक ३ आकड्यांना ताकद निम्मी होते आणि १० आकड्यांना एकदशांश, म्हणून चारपाच आकड्यांचा फरक सुद्धा सोडू नका. घराचा नकाशा कागदावर काढा आणि प्रत्येक खोलीत जिथे तुम्ही खरंच बसता तिथला आकडा लिहा, म्हणजे पलंगाच्या उशाशी, स्टडी टेबलवर, किचनच्या ओट्यापाशी. आणि मोजताना दारं लावून मोजा, कारण रात्री मीटिंग चालू असताना दार लावलेलंच असतं.

आता मुख्य मुद्दा, राउटरची जागा. आपल्याकडे फ्लॅटमध्ये फायबर डक्टमधून किंवा पॅसेजमधून येते त्यामुळे लावणारा माणूस मेन दरवाजाच्या शेजारी, चपलांच्या कपाटाच्या वर किंवा टीव्हीच्या मागे तो डबा ठोकतो आणि पंधरा मिनिटांत मोकळा होतो. त्याचं काम त्या दृष्टीने झालेलं असतं, पण राउटर घराच्या एका टोकाला आणि झोपायच्या खोल्या दुसऱ्या टोकाला, अर्धा सिग्नल जिन्यात आणि शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये जातोय. त्यात आता पुणे, ठाणे, मुंबईला नवीन टॉवर होतायत त्यातले बरेच मायवान पद्धतीचे असतात, म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओततात आणि आत सळ्यांची जाळी. जुन्या सोसायटीत विटांची चार इंची पार्टिशन भिंत वायफाय बऱ्यापैकी पार करतो, इथे मात्र दोन भिंती ओलांडता ओलांडता संपतो. नवीन घरात राहायला गेल्यावर "जुन्या घरात तर हाच राउटर चालायचा" असं म्हणणारे लोक खूप भेटतात, त्याचं कारण हे आहे. राउटर खराब झालेला नाहीये, भिंती बदलल्यात.

भिंतींशिवाय सिग्नल खाणाऱ्या गोष्टी म्हणजे लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा कारण त्याच्या मागे धातूचा थर असतो, माशांचा टँक, पाण्याची टाकी, आणि टीव्ही. धातू सिग्नल अडवतो आणि परत फेकतो, पाणी शोषून घेतं. बेडरूमच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट असेल आणि राउटर त्याच भिंतीच्या पलीकडे असेल तर फक्त कपाट किंवा राउटर दोनतीन फूट सरकवून फरक पडतो. अजून एक बघा, राउटरपासून तुमच्या टेबलापर्यंत मनातल्या मनात सरळ रेष ओढा, ती रेष भिंतीला तिरकी छेदत असेल तर भिंत जाडीपेक्षा जास्त लागते, समोरासमोर आणायचा प्रयत्न करा.

राउटर कुठे हवा, तर घराच्या मधोमध जेवढं जमेल तेवढं, पाचसहा फूट उंचीवर, उघड्यावर. टीव्ही युनिटच्या कप्प्यात नको, लॉफ्टवर सामानाच्या मागे नको, दिसायला वाईट दिसतो म्हणून फोटोफ्रेमच्या मागे तर अजिबात नको. बंद कप्प्यात तो तापतो पण, आणि विदर्भात मे महिन्यात घरातच भट्टी असते तेव्हा तापलेला राउटर दुपारी मध्येच हँग होतो तो वेगळाच त्रास.

लोकांना वाटतं फायबर लांबवली की स्पीड कमी होईल म्हणून डबा दरवाज्यापाशीच राहू दे. असं काही नसतं. फायबरमध्ये एक अख्खा किलोमीटर गेला तरी अर्धा डेसिबल सुद्धा कमी होत नाही, तुमच्या घरातली दहापंधरा मीटर म्हणजे काहीच नाही, आणि वायफायचं एका काँक्रीटच्या भिंतीत त्याच्या कितीतरी पट नुकसान होतं. म्हणून लावायला माणूस येईल त्याच दिवशी त्याला ठामपणे सांगा की फायबर पॅसेजपर्यंत आणून दे, वरचे पैसे लागले तर द्या, ते पैसे वाया जात नाहीत. आधीच लावलेलं असेल तर शिफ्टिंगची रिक्वेस्ट टाका. स्वतः ती वायर ओढू नका, आत काच असते, कोपऱ्यात घट्ट वाकवली किंवा दारात चेपली की सिग्नल जातो आणि डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागतो. ते हिरवं कनेक्टर पण उगाच काढघाल करू नका, टोकावर धूळ बसते, आणि काढलंच तर त्यात डोळा लावून बघायचं नाही.

अँटेना असतील तर सगळ्या उभ्या ठेवा. उभ्या अँटेनाभोवती सिग्नल मेदूवड्यासारखा आडवा पसरतो, अँटेना वड्याच्या भोकात आहे असं समजा, म्हणजे टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी. म्हणून अँटेना तुमच्या खोलीकडे रोखून धरणं बरोबर उलटं काम करतं. डुप्लेक्स किंवा बंगला असेल आणि वरच्या मजल्यावर पोचवायचं असेल तर एखादी आडवी करून बघा. अँटेना आतच असलेला डबा असेल तर तो जसा ठेवायचा म्हणून बनवलेला असेल तसाच ठेवा, उभा ठेवायचा असेल त्याला आडवं झोपवू नका.

यानंतर सेटिंग. राउटरच्या खाली स्टिकरवर पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी पत्ता, तो ब्राउझरमध्ये टाकला की पान उघडतं. तिथे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन बँड दिसतील. २.४ लांब जातो, भिंती जरा बऱ्या पार करतो, पण हळू आणि गर्दीचा. ५ फास्ट पण भिंतीला लवकर दमतो. दोन्हीचं नाव एकच ठेवलेलं असेल तर तपासणी चालू असेपर्यंत वेगवेगळी नावं द्या, म्हणजे आपण कशावर आहोत ते कळतं. राउटरच्याच खोलीतला टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर टाका, स्मार्ट बल्ब, कॅमेरे, प्लग यातले बरेच फक्त २.४ वरच चालतात ते तिथेच राहू द्या.

२.४ मध्ये चॅनल असतात १ पासून १३ पर्यंत पण ते एकमेकांवर चढलेले असतात, एकमेकांना न अडणारे तीनच, १, ६ आणि ११. अॅनालायझर अॅपमध्ये बघा शेजारपाजारचे राउटर कुठे आहेत, सोसायटीत पंधरावीस नावं सहज दिसतात, आणि या तिघांपैकी ज्यावर जोरदार सिग्नलवाले कमी तो घ्या. ३ किंवा ८ मोकळा दिसतोय म्हणून तिथे जाऊन बसू नका, दोन्हीकडच्यांचा त्रास तुम्हाला आणि तुमचा त्यांना. चॅनल विड्थ, म्हणजे चॅनलची रुंदी, २.४ ला २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० केली की सोसायटीत फायदा होत नाही, उलट गोंधळ वाढतो. ५ मध्ये जागा भरपूर आहे, त्यामुळे तिथे ऑटो ठेवलं तरी चालतं, फक्त आतल्या खोलीत ५ चा सिग्नल काठावर असेल तर विड्थ ८० वरून ४० करून बघा, टॉप स्पीड कमी होतो पण कनेक्शन टिकतं, आणि मीटिंगला टिकणं महत्त्वाचं. मायक्रोवेव्ह पण २.४ च्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे जेवण गरम करताना कॉल तुटत असेल तर त्याचं कारण तेच, ५ वर जा किंवा राउटर किचनपासून लांब न्या.

एवढं केल्यावर परत सगळ्या खोल्यांत फिरून आकडे लिहा. टू बीएचकेपर्यंतच्या घरात बऱ्याचदा इथेच काम झालेलं असतं.

नसेल झालं तर लोक बाजारातून "बूस्टर" आणतात. चारपाचशे रुपयांचा प्लगमध्ये लावायचा तो पांढरा डबा म्हणजे साधा २.४ चा रिपीटर असतो, तो मेन राउटरकडून ऐकतो आणि त्याच हवेत परत तेच बोलतो, त्यामुळे स्पीड निम्मा नाहीतर त्याहून कमी. मोबाईलवर कांड्या फुल्ल दिसतात म्हणून माणूस खूश होतो पण नेट चालत नाही. रिपीटर घ्यायचाच तर दोन बँडवाला घ्या आणि जिथे सिग्नल नाही तिथे लावू नका, अर्ध्या वाटेवर जिथे अजून उणे ६०-६५ मिळतंय तिथे लावा, त्याला स्वतःलाच ऐकू आलं नाही तर तो पुढे काय देणार. राउटरमागे अॅल्युमिनियम फॉइल लावायचे व्हिडिओ पण फिरत असतात, एका बाजूला थोडं वाढतं आणि दुसरी बाजू मरते, त्याच्या नादाला लागू नका.

खरा उपाय म्हणजे वायर. हे मी ज्याला त्याला सांगतो आणि लोक नाक मुरडतात, भिंतीवरून वायर दिसेल म्हणून, पण एकदा टाकली की बरीच वर्षं बघावं लागत नाही. हॉलमधल्या राउटरपासून आतल्या बेडरूमपर्यंत एक लॅन वायर न्यायची आणि तिथे दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरने आलेलं नेट फक्त वायफायने पसरवायला, लावायचा, बस. वायर न्यायला आधी हे बघा की बेडरूममध्ये जुना लँडलाइनचा पॉइंट आहे का. जरा जुन्या बिल्डिंगमध्ये तो असतोच आणि त्याचा पाइप भिंतीतून हॉलपर्यंत आलेला असतो, आता त्या टेलिफोनच्या वायरचा काही उपयोग नाही, तिच्या एका टोकाला लॅन वायर चिकटपट्टीने घट्ट बांधायची, सांधा निमुळता करायचा आणि दुसऱ्या टोकाने एकाने हळूहळू ओढायची, इकडून दुसऱ्याने ढकलत राहायचं. अडकली तर जोर लावू नका, थोडी मागे घेऊन परत ओढा. पाइप नसेल तर स्कर्टिंगच्या वरून पट्टीत टाका किंवा लॉफ्टवरून न्या. विजेच्या वायरींच्या पाइपमधून मात्र नेऊ नका, ते धोक्याचं आहे.

वायर कॅट ६ घ्या, कॅट ५ई पण चालते, दोन्हीवर १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस जातो. दुकानात विचारून शुद्ध तांब्याचीच घ्या, स्वस्तातली वायर आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा अशी येते, ती लवकर तुटते. पाइपमधून ओढायची असेल तर टोकं नंतर क्रिंप करावी, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवावं लागतं, इलेक्ट्रिशियन किंवा सीसीटीव्हीवाला करून देईल. स्वतः करायचं तर कनेक्टरची क्लिप खाली आणि वायर जिथून आत जाते ते तोंड आपल्याकडे धरून डावीकडून रंग असे, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम.

दुसरा राउटर नवीन आणायची गरज नाही, आधीच्या कनेक्शनचा घरात पडलेला असतो तो चालतो. त्यात अॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा आणि काम झालं. नसेल तर लॅपटॉपला वायरने त्याच राउटरला जोडा, अजून मेन राउटरला जोडू नका, आणि आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड मेन राउटरसारखेच टाका, चॅनल मात्र वेगळा, तिकडे १ असेल तर इकडे ६ किंवा ११. मग त्याचा लॅनचा आयपी, म्हणजे घरातल्या नेटवर्कमधला पत्ता, बदला, मेन १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२५० द्या, आणि मेन राउटरच्या डीएचसीपीची, म्हणजे मोबाईल-लॅपटॉपला आयपी वाटणाऱ्या सोयीची, यादी २५४ पर्यंत जात असेल तर ती २०० पर्यंत कमी करा म्हणजे हाच नंबर दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. सगळ्यात शेवटी या जुन्या राउटरचा डीएचसीपी बंद. हा क्रम मुद्दाम सांगतोय कारण डीएचसीपी आधी बंद केला तर लॅपटॉपला आयपी मिळत नाही आणि सेटिंगचं पान परत उघडणं जड जातं. आणि बंद करायला विसरलात तर घरात दोन दोन राउटर आयपी वाटत बसतात, काही फोन चालतात काही कनेक्ट दिसून नेट नाही दाखवतात आणि कारण काही कळत नाही. आता हॉलमधून आलेली वायर या जुन्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये खुपसा, बाहेरचं नेट आत घ्यायच्या वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये नाही.

भाड्याचं घर असेल, मालक भोक पाडू देत नसेल, तर मेश सिस्टिम घ्या. दोनतीन सारखे डबे येतात, ते आपापसात बोलतात आणि घरभर एकच नाव. थ्री बीएचके किंवा दुमजली घराला चांगलं, पण मायवानच्या भिंतीत मेशच्या डब्यांचंही आपापसातलं बोलणं दमतं, त्यामुळे ट्राय-बँड, म्हणजे तीन बँडवाले, घ्या किंवा निदान दोन डब्यांच्या मध्ये एकच भिंत येईल असं ठेवा. आणि पुढेमागे वायर टाकता आली तर मेशच्या डब्यांना पण वायरने जोडता येतं, खूप सुधारतं.

दोन राउटर झाले की एक नवीन तक्रार येते, मोबाईल बेडरूममध्ये आणला तरी हॉलच्याच राउटरला धरून बसतो. कधी सोडायचं ते फोन स्वतः ठरवतो. दोन्ही राउटरची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नल फेकायची ताकद, मीडियम करा म्हणजे लांबचा लवकर कमजोर पडतो आणि फोन जवळच्याकडे वळतो. सगळ्यांना पॉवर कमी करणं उलटं वाटतं पण करून बघा.

कोकणातल्या गावच्या घराचं जरा वेगळं. जांभ्याच्या चिऱ्याची जाड भिंत असते, माजघरातला राउटर पडवीत येत नाही, आणि घर लांबट. तिथे मेश वगैरेच्या आधी सरळ माळ्यावरून लॅन वायर टाकून पडवीला दुसरा डबा लावा, माळा मोकळाच असतो, तासाभराचं काम. फायबर नसेल आणि सिमवालं राउटर असेल तर वरचा मधोमधचा नियम लागू नाही, ते टॉवरच्या बाजूच्या खिडकीत, उंचावर ठेवायचं आणि तिथून वायर आत न्यायची. लाईट जाते म्हणून राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या, घेण्याआधी अॅडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा, व्होल्ट तेवढेच हवेत आणि यूपीएसचे अँपिअर निदान तेवढे हवेत. घरापर्यंत आलेल्या फायबरला वाटेत लाईट लागत नाही त्यामुळे कंपनीच्या टोकाला बॅटरी असली की डबा चालू असेपर्यंत नेट चालू राहतं. मुलं पुण्याला नाहीतर दुबईला असतात आणि आईबाबा रात्री नऊच्या कॉलची वाट बघत असतात अशा घरात हा यूपीएस सगळ्यात आधी लावा.

आणि आईबाबांना राउटर बंद करून चालू करायला फोनवरून सांगताना भिंतीवरचं बटण बंद करायला सांगा, तीस सेकंद थांबा आणि परत चालू करा. राउटरच्या मागचं टाचणीने दाबायचं बारीक भोक असतं ते दाबायला कधीही सांगू नका, त्याने कंपनीने भरलेली सगळी सेटिंग पुसली जाऊ शकतात आणि मग माणूस घरी येईपर्यंत नेट बंद. त्या भोकावर एक चिकटपट्टी लावून टाका आणि कस्टमर केअरचा नंबर आणि कनेक्शनचा आयडी मोठ्या अक्षरात लिहून राउटरच्या शेजारी भिंतीवर लावा.